घड्याळबाईंनी घेतलेली लय

मी नाच शिकवते. बॅले. पस्तीस वर्षं झाली. माझे गुडघे कधीच निवृत्त झालेत, मी अजून व्हायचीय. त्यातली एकोणीस वर्षं माझ्या वर्गात पियानो वाजवायला एकच बाई होती आणि ही गोष्ट तिची आहे. मी अधूनमधून डोकावेन, कारण या गोष्टीत एका ठिकाणी मी फार वाईट वागले आणि एका ठिकाणी त्यातल्या त्यात बरी. दोन्ही सांगितल्याशिवाय हकिकत पुरी व्हायची नाही.

मुली तिला घड्याळबाई म्हणायच्या. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. आमचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. एका बाजूला तीन खिडक्या, समोर आरसा, भिंतीला लाकडी बार आणि कोपऱ्यात तपकिरी रंगाचा उभा पियानो. ती पावणेनऊला यायची, कोट खुंटीला लावायची, चष्मा पुसायची आणि बसायची. मी म्हणायचे, "चार मोजून, सावकाश." तिचे हात पट्ट्यांवर पडायचे आणि नंतर जे काही चालायचं त्यात तसूभरही फरक व्हायचा नाही. एकदा मी गंमत म्हणून स्टॉपवॉच लावलं. गुडघे वाकवायचा पहिला व्यायाम सोमवारी एक मिनिट बावीस सेकंद, मंगळवारी एक मिनिट बावीस, शुक्रवारी तिला चांगला ताप होता, तरी एक मिनिट बावीस.

तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवायचं काम करतो. मोठा थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरी दोन घड्याळं. एक भिंतीवर आहे, ते मागे पडतं. दुसरं स्वयंपाकघरात आहे, त्याला मागे पाडायची कुणाची छाती नाही."

लहानपणी ती शेजारच्या एका बाईंकडे सहा-सात वर्षं पियानो शिकली होती. सतराव्या वर्षी वडील गेले, शिकणं सुटलं आणि ती नाचाच्या वर्गांमध्ये वाजवायला लागली. आधी दुसरीकडे, मग माझ्याकडे. सगळी मिळून सदतीस वर्षं. इतक्या काळात तिने मुलींच्या पायांसाठी वाजवलं. कानांसाठी वाजवायची वेळ आली नाही.

आमच्या गावातल्या ग्रंथालयाच्या सभागृहात रविवारी दुपारी छोट्या मैफली होतात. मैफली करणं हा ज्यांचा धंदा नाही, त्यांच्यासाठी. एका दातांच्या डॉक्टरने तिथे वाजवलं होतं, एका बसचालकाने, गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. आधी ध्वनिमुद्रण पाठवायचं, मग संयोजक निवडतात. चोपन्नाव्या वर्षी ही बाई मला म्हणाली, "ताई, रविवारी सकाळी हॉलची किल्ली द्याल का? एक रेकॉर्डिंग करायचंय."

तिने निवडलं होतं एक बॅलड, म्हणजे गोष्ट सांगितल्यासारखी पियानोची रचना. एकोणिसाव्या शतकातलं, ज्याला रोमँटिक संगीत म्हणतात त्यातलं, नऊ-दहा मिनिटांचं. रचणाऱ्याचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. सुरुवातीला गाण्यासारखी लांब, शांत ओळ. मध्ये दोन पानं नुसतं वादळ, उजव्या हाताने अंगठा आणि करंगळी ताणून एकच स्वर वर आणि खाली एकदम धरायचा आणि तसंच पळत सुटायचं. याला ऑक्टेव्ह म्हणतात हे मला नंतर कळलं. शेवटी पहिलीच ओळ पुन्हा, पण थकलेली. शेजारच्या बाईंनी शिकवायला घेतलेली ती शेवटची रचना. अर्ध्यावर राहिलेली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वर्ग संपल्यावर तिने मला कागद दाखवला. निवड झाली नव्हती. खाली शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या: "स्वर सगळे बरोबर आहेत. वादन मात्र नाचाच्या वर्गात चालल्यासारखं वाटतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "नाचाच्या वर्गात म्हणजे काय? नाचाच्या वर्गाला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला नाही म्हणालेत, ताई. मला म्हणालेत."

"मग लिहून टाक त्यांना एक खरमरीत पत्र."

तिने कागदाची घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवली. "पत्र कशाला? बरोबरच आहे त्यांचं. मी काल ऐकलं ते रेकॉर्डिंग. वाजवताना मला गळ्याशी हुंदका आला होता. ऐकताना कुठेच सापडला नाही." मग कोट घालत म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा पाठवणार. हेच."

मला वाटलं, दोन दिवसांत हे खूळ उतरेल. ती तशी बाईच नव्हे.

तिने एक मास्तर शोधून काढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर गायकांच्या साथीला पियानो वाजवला. आता बोटं संधिवाताने वाकडी झाली म्हणून स्वतः वाजवत नाहीत, फक्त ऐकतात आणि बोलतात. त्यांची खोली एका बूट दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी तिने बॅलड सुरू केलं तेव्हा खाली दुकानात टाचांना खिळे ठोकणं चाललं होतं. चार ओळी झाल्यावर मास्तरांनी हात वर केला.

"पियानो कोण वाजवतंय? तू की खालचा दुकानदार?"

तिला कळेना. मग लक्षात आलं, ती हातोडीच्या ठोक्यावर वाजवत होती. अगदी चपखल. दुकानदार थांबला असता तर बहुधा तीही थांबली असती.

मास्तर म्हणाले, "ही उजव्या हाताची ओळ मला गाऊन दाखव."

"मला गाता येत नाही."

"मी गाणं ऐकायला बसलेलो नाही. म्हण."

दोन आठवडे तिने तोंड उघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मान खाली घालून गुणगुणली. हे सगळं ती मला वर्गाच्या मधल्या सुट्टीत सांगायची, डब्याचं झाकण हातात धरून, घास बाजूला ठेवून. मास्तरांनी तिला मध्येच थांबवलं होतं.

"इथे श्वास घेतलास. का?"

"दम संपला म्हणून."

"आणि वाजवताना इथे थांबत नाहीस."

"पियानोला कुठे दम लागतो?"

"ऐकणाऱ्याला लागतो ना!"

त्या दिवसापासून तिचा सराव बदलला. घरी पियानो नव्हता. सकाळी सातला ती आमच्या हॉलमध्ये यायची आणि मुली येईपर्यंत वाजवायची. एक महिना तिने उजवा हात पियानोला लागूच दिला नाही. डावा हात वाजवायचा, उजवी ओळ गळ्याने म्हणायची. डावा हात शांत चालला पाहिजे आणि गळ्याने त्याच्यावर रेंगाळायचं, मागे राहायचं, पुन्हा गाठायचं. खालचे छापखानेवाले मला जिन्यात विचारायचे, "ताई, वर्गाला गायिका ठेवली काय?" मी म्हणायचे, "हो. तुमची यंत्रं जरा हळू चालवा, तिला ऐकू येत नाही."

आता दुसरी अडचण. आधी मला वाटायचं लय म्हणजे लय, त्यात काय निवडायचंय. पण प्रकरण तसं नव्हतं. सुरुवातीची ओळ एका दमात गायची तर ती जराशी चालती हवी, मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला बहात्तर. मधली वादळाची पानं बहात्तरला घेतली की तिचा हात चौथ्या ओळीवर आखडायचा, मनगट लाकडासारखं व्हायचं, चुकीच्या पट्ट्या लागायच्या. छप्पन्नला घेतली की सगळे स्वर बरोबर, पण वादळाऐवजी कुणी जिन्यावरून कपाट उतरवतंय असं वाटायचं. मग तिने युक्ती काढली. सुरुवात बहात्तर, मधलं छप्पन्न, शेवट पुन्हा बहात्तर.

मास्तरांनी ऐकलं आणि विचारलं, "ही तीन वेगवेगळी माणसं कोण?"

"एकच आहे."

"एक माणूस धावताना हळू चालतो आणि गाताना धावतो? सगळ्यांत अवघड पान जिथे खरोखर वाजतं, पडत-झडत नाही, खरोखर वाजतं, ती लय शोध. पहिलं पान तिथून ठरव. लोक पहिलं पान पाहून ठरवतात आणि सातव्या पानावर तोंडघशी पडतात."

तिच्याकडे एक बारकी वही होती. त्यात रोज एक आकडा. साठ. एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट. पुन्हा साठ. कधी आकड्यापुढे 'हात अडला' एवढंच लिहिलेलं, कधी 'ओळ मेली'. म्हणजे हात चालला, पण सुरुवातीची ओळ मरगळली. हाताला सोसेल अशी लय ओळीला सोसत नव्हती. त्यात भावना नावाची तिसरी भानगड होतीच.

आणि त्याच दिवसांत माझ्या वर्गात घोटाळा झाला.

इतकी वर्षं वाकली नव्हती ती बाई लय वाकवायला शिकली आणि मग कुठे वाकवायची नाही हेच विसरली. आधी बारीकसं जाणवायचं. ओळीच्या शेवटी इवलासा उसासा. मी डोळे वटारायचे, ती सावरायची. पण एका बुधवारी मुली चवड्यांवर उभ्या राहायचा व्यायाम करत होत्या. अकरा मुली, हात बारवरून सोडलेले, टाचा वर, सातव्या मोजणीला तोल धरून आणि आठव्याला खाली यायचं. सात झाले. आठवा येईना. घड्याळबाईंनी डोळे मिटले होते आणि तो स्वर त्या सोडायलाच तयार नव्हत्या. मुली वाट बघत तशाच, लटपटत. मग एक कलली, तिने दुसरीचा दंड धरला, दुसरीने तिसरीचा आणि तिघी मिळून आरशाजवळ धपकन पडल्या. एकीचा घोटा मुरगळला.

मी भडकले. मुलींसमोरच ओरडले, "इथे तुला मन मोकळं करायला बसवलेलं नाही! यांच्या हाडांचा प्रश्न आहे. तुला कलाकार व्हायचं असेल तर जा, त्या ग्रंथालयात जाऊन हो!"

ती उठली, पडलेल्या मुलीजवळ गेली, तिचा घोटा हातात घेऊन पाहिला, तिची माफी मागितली. मग पुन्हा येऊन बसली आणि उरलेला तास असा वाजवला की स्टॉपवॉच लाजेल. माझ्याकडे पाहिलं नाही. घोटा चार दिवसांत बरा झाला. माझी आणि तिची बोलाचाल मात्र आठ दिवस बंद. "चार मोजून", "हो", "पुन्हा", "हो", एवढंच. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन जिन्यात बसायची.

नवव्या दिवशी मी मुद्दाम सव्वासातला गेले. माफी मागायची होती, पण शब्द तोंडात येत नव्हते. मोजणी सोडून दुसरं काही बोलायची मला सवय नाही. दारातच थांबले. ती मधली पानं वाजवत होती. मला पियानोतलं ओ की ठो कळत नाही. पण शरीर कळतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. पहिल्या ऑक्टेव्हला तिचा खांदा वर गेला. दुसऱ्याला तो तिथेच होता. तिसऱ्याला आणखी वर. चौथ्या ओळीपर्यंत खांदा कानाला टेकला आणि हात थांबला. तिने मनगट झटकलं, दाबलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. सहा वेळा.

"तू खाली येतच नाहीस," मी म्हणाले.

ती दचकली. "काय?"

"उड्या मारतेयस नुसत्या. एकीमागून एक. मध्ये जमिनीला पायच लावत नाहीस. मुलींना मी काय सांगते? उडी हवेत नसते. उडी गुडघ्यात असते. खाली ये, वाक, जमिनीला वजन दे, मग ती तुला वर फेकेल. तू एकदा वर गेलीस ती वरच. दोन पानं कोण वरच राहील?"

ती सरकून बसली. "दाखवा."

मी तिच्या मागे उभी राहिले आणि तळहात तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला. "वाजव. माझा हात वर उचलला गेला की थांब." ती दोन ऑक्टेव्ह वाजवून थांबली. पुन्हा. तीन. पुन्हा. मी म्हणाले, "प्रत्येक चौथ्याला वजन सोड. पूर्ण. पिशवी टेबलावर ठेवावी तसं." आठ वाजेपर्यंत ती एक ओळ पार करू शकली, खांदा खाली ठेवून. लय होती पन्नास.

"पन्नास!" ती हसली. "शवयात्रा आहे."

"मुली पहिल्या वर्षी कुठे उडतात?"

मग मी म्हणाले, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले."

"जरा नाही, ताई. बरंच."

"बरंच."

"पण मीही चुकले. मुली वर उभ्या आहेत हेच विसरले." ती माझ्याकडे वळली. "एक विचारू? मुली उडी घेतात तेव्हा काही मुली हवेत जास्त वेळ राहिल्यासारख्या वाटतात. तरी खाली येतात ठोक्यावरच. ते कसं?"

"त्या आधी लवकर वाकतात. तयारीतून वेळ काढतात. उशिरा खाली येऊन नाही."

तिने वही काढली आणि लिहिलं. काय ते मी पाहिलं नाही. पण त्यानंतर तिची ओळ बदलली, हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही ऐकू आलं. आधी ती वरच्या स्वरावर जाऊन तिथे लोंबकळायची. आता त्याआधीचे तीन-चार स्वर थोडे पुढे सरकायचे आणि वरच्या स्वराला आपोआप जागा व्हायची. डावा हात मात्र वाट बघत बसायचा नाही. मास्तरांनी ते ऐकून विचारलं म्हणे, "हे कुणी शिकवलं?" तिने सांगितलं, "नाचाच्या वर्गात शिकले."

पन्नासपासून छप्पन्नला यायला सहा आठवडे लागले. साठला यायला आणखी सात. मध्ये एकदा तिचा नवरा मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "ताई, ही जेवताना खांदे खाली, खांदे खाली असं पुटपुटते. माझेही खाली गेलेत. काचा घासताना पाठ दुखायची थांबली. फी कुणाला द्यायची, तुम्हाला की मास्तरांना?" सहासष्ट या आकड्याला तिने वहीत पहिल्यांदा दोन्ही लिहिलं: हात चालला, ओळ जिवंत. त्या आठवड्यात ती सहासष्टच्या पुढे गेली नाही. मी म्हटलं, "आता सत्तर कर की." ती म्हणाली, "नको. सहासष्टला माझा हात मोकळा असतो. सत्तरला माझं सगळं लक्ष हातातच अडकतं, मग गायचं कुणी?"

ध्वनिमुद्रण पाठवलं. या वेळी होकार आला. शाईने काही लिहिलेलं नव्हतं.

मैफलीत ती पानं समोर ठेवून वाजवणार होती आणि पानं उलटायला तिने मला बोलावलं. "मला वाचता येत नाही," मी म्हणाले. "मी मान हलवीन तेव्हा उलटा," ती म्हणाली, "मोजता तर येतं ना?"

त्या रविवारी आम्ही दीड वाजता सभागृहात पोचलो. ती, नवरा, मास्तर आणि मी. पुस्तकांच्या कपाटांमागे उंच छताची खोली, शंभरेक खुर्च्या, गुळगुळीत दगडी फरशी. पियानो मोठा, काळा, आडवा. तिला तो पंधरा मिनिटं मिळणार होता. पहिली ओळ तिने वाजवली आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं सुंदर वाजलं. मग तिने मधलं पान घेतलं. सहासष्टला. आणि सगळा गोंगाट झाला. पट्ट्या आमच्या पियानोपेक्षा कितीतरी जड होत्या. शिवाय खोली घुमत होती. एक स्वर विरायच्या आत पुढचे चार त्याच्यावर येऊन पडत होते.

तिने आवाज लांबवणाऱ्या पेडलवरून पाय काढून पाहिला. थोडा फरक पडला. पुरेसा नाही.

ती उठली, पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांकडे गेली. "काय करू?"

"मला विचारू नकोस," मास्तर म्हणाले. "मी काही तिथे बसणार नाही."

मला त्यांचा राग आला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाने, ऐन वेळी! पण ती रागावली नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि मांडीवर उजव्या हाताची बोटं हलवत राहिली. नवरा तिच्याजवळ जायला निघाला, मी त्याचा सदरा धरला. दहा मिनिटांनी ती माझ्याजवळ आली.

"साठला घेते," ती म्हणाली.

"आणि सुरुवात? साठला ओळ मरते म्हणाली होतीस."

"वाकवत बसले तर मरेल. आधीच सावकाश, त्यात थांबत राहिले तर उभीच राहायची नाही. म्हणून सरळ चालवणार. फक्त एकदा वाकेन, सगळ्यांत वरच्या स्वराला. बाकी सोडून दिलं."

"वर्षभर बसवलंस ते सगळं सोडून दिलंस?"

"सगळं नाही, ताई. इथे चालणार नाही तेवढंच."

तिचा क्रमांक तिसरा होता. ती बसली, चष्मा पुसला, खांदे खाली घेतले. मी डावीकडे खुर्चीवर, मनातल्या मनात आठ मोजत. तिने सुरुवात केली. साधी. इतकी साधी की मला धास्ती वाटली, लोकांना वाटेल हिला काही सांगायचंच नाही. पण ओळ चालत राहिली, कुठे न अडता, आणि वरचा स्वर आला तेव्हा तिने त्याला जागा दिली आणि माझी मोजणीच चुकली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मागे कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

मधल्या पानांना मी तिच्या खांद्याकडे बघत होते. दुसऱ्या ओळीत एक ऑक्टेव्ह चुकला, अगदी स्पष्ट, कुणालाही कळेल असा. तिचा खांदा वर जायला लागला. पुढच्या चौथ्याला तिने वजन खाली सोडलं, पूर्ण, आणि खांदा जागेवर आला. लय हलली नाही. साठलाही ते वादळ होतं. प्रत्येक स्वर कुठून आला नि कुठे गेला हे ऐकू येत होतं. एक पान मी उशिरा उलटलं. तिने दोन मात्रा पाठांतरावर काढल्या. नंतर त्यावरून मला बोलणी खावी लागली.

वादळानंतर कागदावर एक विराम आहे. शांतता. वर्गात ती तिथे दोन मोजायची. इथे खोली घुमत होती, आवाज विरतच होता आणि ती तो पूर्ण विरेपर्यंत हात वर न उचलता बसून राहिली. मी चार मोजले, पाच, सहा. मग तिने शेवटची ओळ सुरू केली, हलक्या हाताने, एखादं माणूस दमून घरी यावं तशी.

टाळ्या बऱ्यापैकी झाल्या. खूप नाही. तिच्यानंतरच्या तरुण वादकाला जास्त मिळाल्या. त्याचा हात विजेसारखा होता. तिचा नवरा मात्र उभा राहून टाळ्या वाजवत होता, एकटाच. मास्तर बसल्या जागी डोळे पुसत होते आणि सर्दी झाल्याचं सांगत होते.

चहाच्या वेळी संयोजक बाई आल्या. मागच्या वर्षीच्या दोन ओळी यांच्याच. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "फार छान झालं. सुरुवात मात्र थोडी आणखी पुढे चालली असती तर?"

माझे कान तापले. पण ती शांतपणे म्हणाली, "चालली असती. मग मधली पानं या खोलीत कुणाला ऐकू आली नसती. दोन्ही मिळत नव्हतं. मी हे निवडलं."

संयोजक बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला लक्षात आलं नसेल."

"एक वाजून पन्नास मिनिटांनी आलं," ती म्हणाली.

बाई हसल्या आणि दुसऱ्या वादकाकडे गेल्या. मी तिला कोपराने ढोसलं. "खोडच मोडलीस की!"

"खोड कशाला? त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आणि तुम्ही पान उशिरा का उलटलंत?"

सोमवारी ती पावणेनऊला हजर. मुलींनी टाळ्या वाजवल्या, ती लाजली, मी "चार मोजून" म्हटलं आणि वर्ग सुरू झाला. गुरुवारी ती मास्तरांकडे गेली ती नवी पानं घेऊनच. एक लांबलचक, मंद रचना, वादळ नाही, ऑक्टेव्ह नाहीत. सगळी अडचण अशी की ती इतकी सावकाश आहे की कुठल्याही क्षणी थांबून पडेल. मास्तर म्हणाले, "महिनाभर विसावा घे. हाताला, डोक्याला."

"पंचावन्नावं लागलंय मला," ती म्हणाली. "कुठला महिना सोडू, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी पानं स्टँडवर लावली. "आधी म्हणून दाखव."

या वेळी तिने आढेवेढे घेतले नाहीत. पाठ ताठ करून श्वास घेतला आणि खालच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशी गायला लागली.